एकोणसाठ छिद्रांची तबकडी

दिवाळी उलटली की आमच्या कारंजा गावातली हवा पांढरी होऊ लागते. कापसाच्या गाड्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे वळतात, आणि वळणावरच्या बाभळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून आपला वाटा ओढून घेतात. महिन्याभरात त्या बाभळींना काटे आहेत की बोंडं, हे लांबून सांगता येत नाही. पूर्वी बैलगाड्यांची रांग असायची, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. रुई मात्र तशीच उडते. पापणीवर बसते, चहात पडते, दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला चिकटते. घरचे म्हणतात, या दिवसांत बाबांना सर्दी होते, डोळ्यांतून पाणी गळतं. मी हो म्हणतो. म्हातारपणी सर्दीचा फार आधार असतो.

एरवी मी रडव्या जातीचा नाही. लग्नात पोरीच्या पाठवणीची वेळ आली की मी मांडवामागे जाऊन आचाऱ्याशी भांडण उकरून काढतो. हंगामातल्या या पांढऱ्या हवेपुढे मात्र माझं काही चालत नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याला एका ओळखीच्याच्या कारखान्यात गेलो होतो. तिथं कॉम्प्युटरवर चालणारं एक यंत्र बंद पडलेलं. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं, वायरी हलवून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, सर्व्हो चांगला आहे, एन्कोडर गेला. नवा टाकतो." जुना काढून त्यानं भंगाराच्या डब्यात फेकला. टण्णकन आवाज झाला. काम चोख केलं बिचाऱ्यानं, त्याच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही नाही. पण मी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर उगाच बराच वेळ बसून राहिलो.

आमच्या वेळी हे शब्द आम्हाला माहीत नव्हते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यात मोडायचो. माझा थोरला भाऊ, दादा, रेडिओ दुरुस्त करायचा. मी जिनाच्या वर्कशॉपात लेथवर होतो. घरात तिसरं माणूस म्हणजे वहिनी, दादाची बायको. केनवडची लेक, हसरी, तोंडाळ, आणि कोणत्याही वस्तूला काहीतरी नाव दिल्याशिवाय न राहणारी. आमच्या घराच्या मागे टिनाची शेड होती. तिथं दादानं एक यंत्र बांधायला घेतलं. मुंबई-पुण्याकडे माणसाविना आपापलं मोजून चालणारी यंत्रं आली आहेत, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. झालं, घेतलं डोक्यात!

यंत्र कशाचं, ते सांगतो. जिनात कापसातून सरकी वेगळी करतो तो चामड्याचा रूळ. त्याच्या अंगावर लांबीनं खाचा असतात. त्या खाचा रुईला धरून ओढतात आणि सरकी अलीकडे गळून पडते. हंगामात खाचा झिजून जातात, रूळ गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत रूळ नुसता फिरत राहतो, कापूस धरत नाही. मग नव्यानं खाचा पाडायच्या. हातानं पाडल्या तर एक रूळ म्हणजे आख्खा दिवस, आणि एवढं करून त्या सारख्या अंतरावर येतीलच असं नाही. दादाचं यंत्र हे काम स्वतःहून करणार होतं. एक खाच पाडायची, रूळ नेमका तेवढाच फिरवायचा, थांबायचं, दुसरी पाडायची.

नेमका तेवढाच, यातच सगळी मेख होती. रूळ फिरवायला एक मोटर होती, तिला वहिनीनं नाव ठेवलं गडी. सांगितलं तेवढं करायचं आणि उभं राहायचं, म्हणून गडी. गड्याच्या दांड्यावर एक पत्र्याची तबकडी बसवलेली. तबकडीच्या कडेनं साठ छिद्रं. एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला डोळा. डोळा म्हणजे काचेचा ट्रान्झिस्टर. त्या काळी असे यायचे, वरून काळा रंग दिलेला. तो रंग ब्लेडनं खरवडला की त्याला उजेड कळू लागायचा. तबकडी फिरली की छिद्रातून उजेड लुकलुकायचा, डोळा तो बघायचा आणि मागची मोजणीची पेटी मोजायची. आजच्या भाषेत गडी म्हणजे सर्व्हो, आणि तबकडी, बल्ब, डोळा मिळून एन्कोडर. पन्नासच्या पुढे गेलं की गड्यानं दम खायचा, हळू व्हायचं, साठला थांबायचं. साठ म्हणजे तबकडीचा एक पुरा फेरा, तेवढ्यात रूळ दातेचक्रांतून एका खाचेपुरता पुढे सरकायचा. किती मोजायचं ते ठरवायला पेटीवर दोन गोल बटणं होती, एक दशकाचं आणि एक सुट्ट्या आकड्याचं. एक सहावर, दुसरं शून्यावर.

तबकडी बेकरीच्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाची होती. दादा छिद्रं पाडायचा आणि वहिनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरून बसायची. मग तिनंच काजळी आणि तेल खलून तिला काळा रंग दिला. वाळल्यावर शेडच्या दारात उभी राहून तिनं ती उन्हात धरली. आतल्या भिंतीवर उजेडाच्या टिकल्यांचं गोल रिंगण उमटलं. तिनं तबकडी फिरवली तसं ते रिंगण भिंतीवरून, लेथवरून, दादाच्या बनियनवरून फिरलं.

"पाहा," ती म्हणाली, "तुमच्या आंगावर चांदण्या पाडल्या मी."

"चांदण्या पाडू नको, तबकडी पाडशीन," दादा म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. त्या टिकल्या अंगावर घेत तसाच उभा राहिला.

त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. पावसाळाभर ते यंत्र वाढत गेलं तसं वहिनी त्याची चौकशी लेकरासारखी करायची. आज काय केलं त्यानं, आज पडलं का, आज किती मोजलं. मला तेव्हा ती थट्टा वाटायची. ती थट्टाच होती, पण नुसती थट्टा नव्हती.

शेडमधला लेथ जिनाच्या शेठजींचा होता. जुना, बाजूला पडलेला, त्यांनी तो दादाला दिला आणि म्हणाले, "होळीपावतर पाहू. जमलं तं सारे रूळ तुमच्याचकडे. नाई जमलं तं लेथ परत." शेठजी जैन, चामड्याला हात लावायचे नाहीत. रूळ दाखवायचा तर छत्रीच्या टोकानं दाखवायचे. पण माणूस दिलदार. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला जाताना शेडच्या दारात थांबून एकदा आत डोकावणार म्हणजे डोकावणार.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. लेथ, हातोड्या, दादाचं सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. त्या वर्षी वहिनी ताट घेऊन शेडमध्ये आली. कुंकू तिनं तेलात कालवलेलं होतं, पुसलं जाऊ नये म्हणून. एकेका वस्तूला बोट लावत ती यंत्रापाशी आली आणि थांबली.

"अवो, याचं कपाळ कुठी हाय?"

दादा हसला. "कपाळ नाई त्याले. डोळा हाय. थे पाय, तिथी."

"मंग डोळ्याच्या वरतं लावतो," ती म्हणाली आणि वाकून तिनं भिंतीच्या बाजूनं बोट आत घातलं.

आमच्याकडे बायकाही मी लावतो, मी जातो असंच बोलतात. केनवडची असो की कारंज्याची. तिचं ते 'लावतो' अजून माझ्या कानात आहे.

दसऱ्याच्या आधी यंत्र चाचणीत बरोबर चाललं होतं. हंगाम लागला, पहिला खरा रूळ चढवला, आणि पंचाईत झाली. खाचा सुबक पडत गेल्या, पण शेवटची खाच पहिलीला येऊन भिडली. मधली चामड्याची भिंत चिरडून गेली. ताटाच्या कडेनं पुऱ्या मांडत जावं आणि शेवटच्या पुरीला जागाच उरू नये, तसं झालं. रूळ वाया. दुसरा चढवला, तेच. गडी दरवेळी थोडा जास्त चालत होता.

मग सुरू झाली शोधाशोध. जिन सुरू झालं की गावातले दिवे मंदावायचे. बल्ब मंद झाला म्हणून डोळ्याला कमी दिसत असेल, असं म्हणून बल्ब ट्रकच्या बॅटरीवर घेतला. फरक नाही. गड्याला वीज पुरवणारी पेटी तापायची. दादानं तिचे ट्रान्झिस्टर बदलले, त्यांना ॲल्युमिनियमची जाड पट्टी मारली. फरक नाही. मी मोटरीचे कार्बन घासून बसवले, दातेचक्रातली ढिलाई काढली. फरक नाही. रुईचे तंतू तबकडीत जातात म्हणून सायकलच्या पंपानं रोज हवा मारायला लागलो. त्या काळात आमच्या शेडमध्ये चामड्याच्या भुशाचा वास, तेलाचा वास आणि दादाच्या बिडीचा वास एकमेकांत मिसळून एक चौथाच वास तयार झाला होता. पत्र्याच्या उन्हात तो दुपारी दाट व्हायचा.

एका दुपारी वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. टिनाच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. त्यातून उन्हाची तिरीप येऊन थेट डोळ्यावर पडत होती.

"त्याच्या डोळ्यात उन चाल्लं," ती म्हणाली. "लेकराले असं उन्हात ठेवते काय कोणी?"

दादानं कपाळाला हात लावला. तिरिपेनं डोळा फसत असणार, आम्हा दोघांनाही पटलं. संध्याकाळपर्यंत तिनं आपल्या शिवणयंत्रावर काळ्या कापडाचं टोपडं शिवलं, खाली नाड्या. ते तिनं डोळा, बल्ब आणि तबकडी, सगळ्यांवरून चढवलं आणि नाड्या बांधल्या. लहान मुलाच्या हनुवटीखाली बांधतात तसं फुलपाखरू. दुसऱ्या दिवशी रूळ चढवला. शेवटची खाच पुन्हा पहिलीला भिडली.

संक्रांतीच्या आधी वहिनीचे डोळे पिवळे झाले. आधी गावातलं औषध, मग काविळीची माळ घातली, मग डॉक्टर. कावीळ होती, पण नुसती कावीळ नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. ती फिकी पडत गेली, हसणं मात्र तसंच. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. एसटीला निघताना ती शेडच्या दारात आली. टोपडं रुईनं पांढरं झालेलं.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "थे टोपडं काढू नका. मी आल्यावर धुतो."

ती आली नाही.

अकोल्याहून तिला आणलं तेव्हा सकाळ होती आणि बाभळींवर रुई बसलेली होती. मसणवट्यात दादा कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला. लाकडं पुरतील ना, असं दोनदा विचारलं. बाया म्हणाल्या, रडला नाई माणूस, आतून सुकन. नातेवाईक गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचा रेडिओ बिघडला होता तो त्यानं दुरुस्त करून दिला. शेजारी घ्यायलाही कचरत होते. काळ हे औषध आहे असं सांगणारी माणसं त्या दिवसांत घरी फार आली. मी त्यांना चहा दिला. मला मात्र तेव्हापासून ते वाक्य म्हणणाऱ्या माणसाचा राग येतो, अजून येतो.

तेराव्यानंतर दादा शेडमध्ये गेला. होळी जवळ येत होती. शेठजी काही बोलले नव्हते, उलट म्हणाले होते, राहू द्या यंदा. पण मला दिसत होतं की हे यंत्र चाललं नाही तर दादा पुन्हा कशालाच हात लावणार नाही. त्या दोघांनी मिळून उभं केलेलं असं घरात तेवढंच होतं. म्हणून मीही जिनातून सुटलो की शेडमध्ये जायचो. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. पेटी, मोटर, कार्बन, वायरी, सोल्डरिंगचे डाग, जोड. तपासायचं राहिलं होतं फक्त टोपड्याखालचं. पंपाची नळी टोपड्याच्या खालून आत घालून दादा हवा मारायचा, पण टोपड्याला हात लावायचा नाही. धुवायला ती येणार होती ना.

एका दुपारी मी म्हणालो, "दादा, टोपडं काढा लागते."

"कायले?"

"बाकी सारं पाह्यलं."

त्यानं एकदा पत्र्याच्या भोकाकडे पाहिलं. मग पुढे झाला आणि त्यानं नाड्या सोडल्या. ओढून नाही. एक टोक धरून हळूच, गाठ आपोआप सुटावी तसं. टोपडं त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

आम्ही डोळ्याला मीटर लावलं. मी हातानं तबकडी फिरवत होतो, तो काट्याकडे बघत होता. छिद्र आलं की उजेड पडायचा, काटा उठायचा. पत्रा आला की काटा पडायचा. उठला, पडला. उठला, पडला. एका जागी काटा उठलाच नाही. मी पुढे नेली, पुन्हा उठू लागला. मागे घेतली. तिथं नाही.

"थांब," दादा म्हणाला.

त्यानं तबकडी सोडवून दाराकडे नेली आणि उन्हात धरली. भिंतीवर टिकल्यांचं रिंगण पडलं, त्यात एक टिकली नव्हती. मग त्यानं तबकडी उलटी केली. यंत्रात ती बाजू भिंतीकडे असायची, आम्हाला कधी दिसली नव्हती. एका छिद्रावर तेलात कालवलेलं कुंकू बसलेलं होतं. वाळून घट्ट झालेलं, वर रुईचा एक केस चिकटलेला. बोटाचं टोक जेवढं असतं तेवढंच. नीट पाहिलं तर कडेला त्वचेच्या रेषाही उमटलेल्या दिसत होत्या.

डोळ्याच्या वरतं लावतो, असं म्हणाली होती ती.

दादाच्या हातात बारीक पेचकस होता. त्याचं टोक छिद्राजवळ गेलं आणि तिथंच थांबलं. हे एवढं टोचलं असतं तर यंत्र त्याच क्षणी बरोबर चाललं असतं. साठ छिद्रं, साठ उजेड, पुरा फेरा. तीन महिने आम्ही ज्याच्यामागे लागलो होतो ते नखाएवढं होतं आणि समोर होतं. मी मान वळवली. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, कुणी तरी बैलाला शिव्या देत होतं.

पेचकस टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"बापू," दादा म्हणाला, "त्या एकाले मोजूच नाई आपण."

"म्हंजे?"

"एकोणसाठवर थांबव. पुऱ्या फेऱ्यात थे एकदाच येते. साठच्या जागी एकोणसाठ मोजले, का फेरा तेवढाच होते."

त्यानं तबकडी परत चढवली, तशीच. पेटीवरची दोन्ही बटणं फिरवावी लागली. दशकाचं सहावरून पाचवर, सुट्ट्याचं शून्यावरून नऊवर. खिशातून टोपडं काढून घातलं आणि नाड्या बांधल्या, तिच्यासारख्या नाही जमल्या. रूळ चढवला. खाचा पडत गेल्या. चामड्याचा भुसा उडत होता, गडी चालायचा, दम खायचा, थांबायचा. शेवटची खाच पहिलीपासून बरोब्बर तेवढ्याच अंतरावर येऊन पडली.

संध्याकाळी शेठजी छत्री घेऊन दारात आले. रूळ पाहिला, छत्रीच्या टोकानं खाचांवरून हवेतच रेघ ओढली. "काय होतं मंग?" त्यांनी विचारलं.

"मोजण्यात एकाचा फरक होता," दादा म्हणाला.

"इतकुसाच?"

"हो. इतकुसाच."

यंत्र कधी खोटं बोलत नाही असं म्हणतात. खोटं आहे ते. आमचं यंत्र दर फेऱ्याला एक आकडा कमी सांगत होतं, आणि त्याच्या खाचा साऱ्या वऱ्हाडात सरळ होत्या. शेठजींचे रूळ झाले, मग दुसऱ्या जिनांचे आले. रामनवमीच्या सुमाराला पोहरादेवीच्या जत्रेच्या गाड्या माणसांनी लदबदून जाऊ लागल्या म्हणजे हंगाम उतरायचा. मग दादा यंत्राला कापड घालून ठेवायचा. दसऱ्याला त्याची पूजा आता तोच करायचा. फूल वाहायचा, कुंकू लावायचा नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं. सुमन घरात आली. तिनं एकदा निरागसपणे विचारलं, "हे कळकट टोपडं धुवून टाकू का?" मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. त्यानंतर ती शेड झाडायची तेव्हा यंत्राभोवतीचं तेवढं सोडून झाडायची.

दादा बरा होत होता का? लोक म्हणायचे, सावरला. सकाळी शेडमध्ये जाऊन यंत्र सुरू करायच्या आधी तो टोपड्यावर हात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मला वाटतं, त्याच्या लेखी ती अजून त्या फेऱ्यात होती. दर फेऱ्याला एकदा यायची, उजेड अडवायची, आणि तो तिला मोजत नव्हता म्हणूनच सगळं बरोबर होतं. मी हे त्याला कधी विचारलं नाही. भावांत असलं विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

ते दशक सरता सरता, अशाच एका हंगामात, रूळ बिघडायला लागले. या वेळी वेगळंच. खाचा सगळ्या सारख्या, पण शेवटची आणि पहिली यांच्यात रुंद मोकळी जागा. खाच नसलेला गुळगुळीत चामड्याचा पट्टा. पूर्वी शेवटची पहिलीवर चढायची, आता ती तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी पेटीकडे वळलो, कार्बन बघायला लागलो. दादा मात्र त्या मोकळ्या पट्ट्यावर बोट ठेवून उभा होता. त्याला माझ्या आधी कळलं.

त्यानं टोपडं काढलं. तबकडी सोडवली. दारात जाऊन उन्हात धरली.

भिंतीवर रिंगण पडलं. पुरं. कुठंच खंड नाही.

वाळून, तेल उडून, थरथरून ते कुंकू गळून पडलं होतं. तबकडीच्या मागे त्या छिद्राभोवती फक्त एक फिकट तांबूस कडा राहिली होती, तीही बोट लावलं तर गेली असती. दादा खाली बसला. जमीन रुईनं पांढरी होती. त्यानं चिमटीनं रुई उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली, तांदळातले खडे निवडतात तशी. मीही बसलो. पुंजका उचलायचा, विस्कटायचा, बघायचा, ठेवायचा. चामड्याचा भुसा तांबूसच असतो. दरवेळी वाटायचं, सापडलं. ते कुठं एवढ्यात सापडायचं! सकाळपासून हवा मारत होतो आम्ही, पंपानं.

सुमन दारात येऊन उभी होती. ती आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, मी लावू काय?"

तिनं मनापासून विचारलं होतं. दादानं तिच्याकडे बघितलं, करंड्याकडे बघितलं.

"नाई वो माय," तो म्हणाला. "थे तिनं लावलं होतं."

मग त्यानं तबकडी पदरात घेतल्यासारखी बनियनच्या टोकानं पुसली आणि चढवली. "बापू, साठ कर."

मी बटणं फिरवली. पाचवरून सहावर. नऊवरून शून्यावर. गडी चालला, दम खाल्ला, थांबला. खाच पडली. पुन्हा चालला. डोळ्याला आता सगळं दिसत होतं, मधे अडवणारं कुणी नव्हतं. रूळ पुरा झाला, शेवटची खाच पहिलीपासून नेमक्या अंतरावर. यंत्रात काडीचाही दोष उरला नव्हता. आयुष्यात मी खूप यंत्रं दुरुस्त झालेली पाहिली, पण त्या दिवशीइतका राग मला कोणत्याच यंत्राचा आला नाही.

दादानं टोपडं हातात घेतलं होतं. ते त्यानं तोंडाला लावलं, आणि मसणवट्यात जे आलं नव्हतं ते आलं. आधी खांदे हलले. मग आवाज आला. जिनाच्या धडधडीतही ऐकू जावा एवढा मोठा आवाज. रस्त्यावरचे गाडीवान थांबून बघायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता गेली रे ती, बापू," तो म्हणाला. "आता गेली."

दादालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंत्र भंगारात गेलं, तबकडी मी काढून घेतली. ती शेडच्या दाराजवळ खिळ्याला आहे. सकाळचं ऊन आलं की भिंतीवर टिकल्या पडतात, साठच्या साठ. हंगामात शेड झाडायचं काम मी कुणाला देत नाही. सून म्हणते, बाबा, कंबर दुखते तुमची, राहू द्या. मी तिला खरं कारण सांगत नाही, दुसरंच काही तरी सांगतो. झाडता झाडता रुईच्या पुंजक्यात काही तांबडं दिसलं की माझा हात थांबतो. मी वाकतो, पुंजका विस्कटतो, बघतो. मग पुन्हा झाडायला लागतो.